निळ्या पगडीतले मेकॅनिक

बहरीनमध्ये, नईम भागातल्या आमच्या घरी, एसी दुरुस्तीला निळ्या पगडीचे एक सरदारजी यायचे. मी त्यांना माझ्या हिंदीत विचारायचो, "पाजी, ये पानी क्यूं गळता है?" ते दाढी कुरवाळत शिडी चढायचे. तीन उन्हाळे एसी गळतच राहिला.

शेवटी मी बायकोला मराठीत म्हणालो, "यांना काही येत नाही. दुसरा कोणी बघू."

शिडीवरून आवाज आला, "बघा की. पण मराठीतच बोलत जा, तुमची हिंदी समजंना."

मी गार पडलो. "पंजाबात मराठी कुठं शिकलात?"

"पंजाब मी टीव्हीवर बघितलाय. आम्ही आजोबाच्या आधीपासून नांदेडचे. तुम्ही कुठले?"

"पुण्याचा."

"तरीच," स्क्रू पिळत ते म्हणाले, "तीन उन्हाळ्यांत या घरात मला पाणी दिलं ते फक्त एसीनं."