पँटला लागलेली कात्री

कुणी वाचलंच तर माफ करा. चौथी शिकलेय, अक्षर वाकडं आहे आणि लिहिण्यात चुका होतात.

सोमवारी घरी शेठच्या कारखान्यातून आणलेल्या नव्या जीन्सचे सुटे धागे कापत होते, नगावर पैसे मिळतात. टीव्हीवर बातमी आली, अंबरनाथला केमिकल कंपनीत स्फोट. आमचे हे तिथेच शिफ्टला होते. हातातली कात्री नव्या पँटमध्ये घुसली.

संध्याकाळी हे आले. त्याच कंपनीतला शेजारणीचा नवरा आला नाही.

मंगळवारी गठ्ठा द्यायला उल्हासनगरला गेले. शेठ ओरडला, "ए बाई, टीव्ही बघते की काम करते? पँटचे पैसे कोण भरणार?"

मी गठ्ठा पुढे सरकवला. माझा माणूस घरी आला होता, मग रडगाणं कुठल्या तोंडाने गाऊ?

शनिवारपर्यंत फुकट धागे कापून सगळे पैसे फेडले.