मत नसलेले काका

आमच्या काकांना शेजारीपाजारी ‘तळ्यातमळ्यात’ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण काकांना ते ठाऊक होतं, आणि त्यावरही त्यांचं काही मत नव्हतं. काकूने विचारावं, “पडदे निळे घेऊ की पिवळे?” काका म्हणणार, “निळ्यावर धूळ कमी दिसते, पिवळ्यातून उजेड जास्त येतो.” “अहो, पण घेऊ कुठले?” यावर काका चष्मा पुसायला लागायचे. “भिंतीला विचारलं असतं तर निदान एखादा पोपडा तरी पडला असता,” असं म्हणून काकू स्वतःच जाऊन पडदे घेऊन यायची.

आई-वडील गेल्यावर मी या दोघांकडेच वाढले, त्यामुळे काकांची नालस्ती करायचा हक्क फक्त काकूला आणि मला आहे. इतरांनी केली तर मी ऐकून घेत नाही.

काका पुस्तक-तपासणी कचेरीत होते. त्या काळी कचेरीने ‘सोडल्या’शिवाय कुठलंही पुस्तक दुकानात जात नसे. जे ‘अडकायचं’ ते मागच्या आवारातल्या यंत्रात जायचं आणि त्याच्या लगद्याचे पुठ्ठे व्हायचे. सोडायचं की अडकवायचं हे साहेब ठरवायचे, पण साहेबांना वाचायचा कंटाळा. म्हणून कचेरीत ‘सांगणारे’ ठेवलेले होते. सांगणाऱ्याने पुस्तक वाचायचं आणि जेवणानंतर साहेबांसमोर उभं राहून ते तोंडी सांगायचं. लिहून द्यायची सक्त मनाई होती, कारण आक्षेपार्ह मजकुराबद्दल लिहिलं की तो कागदही आक्षेपार्ह ठरायचा आणि मग तोही कुणालातरी तपासावा लागायचा. दुसरा नियम असा, की सांगणाऱ्याने आपलं मत सांगायचं नाही.

हा दुसरा नियम बाकी कुणी पाळत नसे. साहेबांचा चेहरा बघून ते मीठमसाला लावायचे. “फारच वाह्यात लिहिलंय हो साहेब!” असं एकाने म्हटलं की ते पुस्तक संपलंच. काका मात्र हात मागे बांधून, एका सुरात, जे घडलं तेवढंच सांगायचे. एक वाक्य गाळायचे नाहीत आणि एक विशेषण पदरचं घालायचे नाहीत. त्यांनी सांगितलेली पुस्तकं बहुतेक सुटायची. हे मुद्दाम करता का, असं मी एकदा विचारलं होतं. “मी फक्त सांगतो,” काका म्हणाले.

मग ती कादंबरी आली. तिच्यातल्या शहरात सगळ्यांनी एकाच चालीने चालायचं असतं. चौकाचौकांत ढोल वाजतो आणि त्या ठेक्यावर सगळ्यांचा डावा पाय उचलला जातो, मग उजवा. एक बाई पायाने अधू असते. तिला शिक्षा करत नाहीत, उलट मोठ्या मायेने एक जड लोखंडी बूट देतात, म्हणजे तिचं लंगडणं दिसू नये. बूट घालून घालून तिचा चांगला पायही दुखायला लागतो. शेवटी एका सकाळी ती भर चौकात बूट काढून ठेवते आणि आपल्या चालीने चालू लागते. तिच्या मागच्याचा ठेका चुकतो, त्याच्या मागच्याचा चुकतो, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं शहर ज्याच्या त्याच्या चालीने चालायला लागतं. ढोलवाला थोडा वेळ वाजवतो आणि मग घरी जातो.

काकांनी हे सगळं, शेवटासकट, साहेबांना सांगितलं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी उसासा टाकला. “काय सोन्यासारखं शहर होतं हो! गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. आणि एका बाईच्या हट्टापायी सगळ्याची माती झाली. मुलांना लहानपणीच कळायला हवं हे.”

आणि त्यांनी कादंबरी नुसती सोडली नाही, ती सगळ्या शाळांना लावली. पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नही छापला: शहराचा नाश कोणामुळे झाला?

मी तेव्हा नुकतीच मास्तरीण झाले होते. वर्गात कादंबरी वाचून झाली. छापील प्रश्नाचं अपेक्षित उत्तर ‘अधू बाईमुळे’ असं होतं. एका मुलीने हात वर केला. “बाई, पण नाश कुठे झालाय?” मी म्हटलं, “तूच सांग.” एवढंच शिकवलं मी. बाकी त्यांचं त्यांनी केलं.

पुढच्या आठवड्यात शाळेत तपासणीस आले. मैदानातून वर्गाकडे मुलांची रांग निघाली. एक लंगडत होता, एक बदकासारखा डुलत होता, एक उलटा चालत होता. ती हात वर करणारी मुलगी दर तीन पावलांनी एक उडी मारत होती. गोंधळ अजिबात नव्हता, कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. तपासणीस घाम पुसत राहिले.

चौकशी लागली. लांब खोली, टेबलापलीकडे समितीचे तिघे, बाजूच्या खुर्चीत पांढरेफटक पडलेले साहेब. मला आणि काकांना समोर उभं केलं. साहेबांनी हात झटकले. “यांनीच मला गोष्ट चुकीची सांगितली.”

“मग आम्हालाही सांगा,” अध्यक्ष काकांना म्हणाले. “तेव्हा सांगितली तशीच.”

काकांनी हात मागे बांधले आणि सांगितली. तोच सूर, तेच शब्द. घरी काकांकडून इतक्यांदा ऐकल्यामुळे मला पुढचं वाक्य आधीच कळत होतं. ढोलाच्या वर्णनाला समितीच्या तिन्ही माना डोलायला लागल्या. बूट आला तेव्हा एक सदस्य हळूच म्हणाले, “केवढी माणुसकी!” शेवट झाला आणि अध्यक्षांनी मान हलवली.

“यात आक्षेपार्ह काहीच नाही. उत्तम गोष्ट आहे आणि उत्तम सांगितली आहे. म्हणजे दोष शिकवण्यात आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुम्हाला आता कुठल्याच शाळेत शिकवता येणार नाही.”

शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काकाही सुटल्यासारखेच होते. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

“बाईंनी बरोबर शिकवली,” काका म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं, गोष्टीतलंच काहीतरी राहून गेलंय. “काय?”

“गोष्ट मी बरोबर सांगितली. बाईंनी बरोबर शिकवली. मुलांना बरोबर कळली. तुम्हाला ते शहर आवडलं, कारण ढोल तुमच्या हातात आहे. बूट घातलेल्या माणसाला विचारलं असतंत तर त्याने वेगळं सांगितलं असतं.”

साहेबांनी डोळेच मिटून घेतले.

“हे तुमचं मत आहे?” अध्यक्षांनी विचारलं. “सांगणाऱ्याला मत नसतं, नियम माहीत आहे ना? मागे घ्या, म्हणजे आम्ही ऐकलं नाही असं समजू.”

काकांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. मला वाटलं, संपलं, आता पुसायला घेणार. पण त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाले, “नाही साहेब. तुम्ही ऐकलंत.”

काकांची नोकरी त्याच दुपारी गेली. पुस्तक अडकलं. माझी नोकरी राहिली, कारण एका चुकीचा दोष एकाच माणसावर ठेवायची कचेरीची पद्धत होती आणि तो माणूस त्यांना मिळाला होता.

जिना उतरताना मला रडू आवरेना. अभिमानही वाटत होता आणि अपराधीही वाटत होतं. “काका, माझ्यासाठी सगळं घालवून बसलात तुम्ही.”

काका कठड्याला धरून सावकाश उतरत होते. मधल्या वळणावर ते थांबले.

“तुझ्यासाठी होतंच गं,” ते म्हणाले. “पण खरं सांगू? ती गोष्ट मला फार आवडली होती.”