श्वासाची जागा

व्हायोलिनला श्वास घ्यावा लागत नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. शेजारची मृणाल फ्लूट वाजवते आणि मी पियानोवर तिला साथ करते. सध्या ती परदेशातल्या एका बाईने फार पूर्वी लिहिलेला व्हायोलिन सोनाटा फ्लूटसाठी बसवतेय. व्हायोलिनचे खालचे सूर फ्लूटला गाठता येत नाहीत, म्हणून ते तिने माझ्या डाव्या हाताकडे सोपवले. पण एका लांबलचक ओळीपाशी गाडं अडलं.

"या बाईने कुठे दमच खाल्लेला नाही गं!" मृणाल वैतागली.

मला मात्र त्या बाईबद्दलच विचारावंसं वाटत होतं. ओळ संपली की घरातलं कुणीतरी कामासाठी हाक मारेल, या धास्तीने तर ती लिहीतच राहिली नसेल?

मृणालने फ्लूट बाजूला ठेवून ती ओळ नुसती गुणगुणली. एका सुरानंतर तिने नकळत श्वास घेतला.

"इथेच," मी म्हटलं. तिने पेन्सिलीने तिथे बारीक खूण केली.

पुन्हा वाजवताना त्या खुणेपाशी श्वास ऐकू आला, आणि कुणी तिसरीच आत आल्यासारखं मी दाराकडे पाहिलं.