छतातून उतरलेले आगळ
कोकमाच्या आगळाचा, म्हणजे खारवलेल्या लाल रसाचा, वास आला की रत्नागिरीतल्या आमच्या भाड्याच्या घराचे ओले छत आठवते. ते आमच्या स्वयंपाकाच्या वाफेने खराब झाले, जागा सोडा, असा वर राहणाऱ्या मालकांचा कोर्टात दावा होता. सुनावणीपूर्वी मी त्यांच्या पत्नीच्या परवानगीने वरच्या मोरीत बादलीभर आगळाचे पाणी ओतले आणि धावत खाली आले; छतातून लाल थेंब टपकताच आनंदाने ओरडलेच! लगेच फोटोही काढले. कोर्टाच्या नियमाप्रमाणे त्या फोटोंची प्रत मालकांना द्यायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, "आधीच दाखवतेस? वेडी का गो तू?" मालकांनी दारातच फोटो हातात घेऊन पाहिले. त्यांच्या पत्नी हसल्या, "मोरी गळते, वर्षभर सांगतेय. माझं नाही, आगळाचं तरी ऐका!" मालकांनी दावा मागे घेतला; घर राहिले. आज प्रयोगशाळेत काम करताना निष्कर्ष कितीही नेमके आले, तरी त्या दारातली धडधड काही वेगळीच होती.