पंपघरातली घंटी

हे म्या आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाय. बायको गेली, तिलाबी न्हाय. तुमाला सांगतो.

दुष्काळाच्या साली तलावाकाठच्या विहिरीवर आमच्या सोसायटीचा पंप व्हता. सगळं गाव त्याच पाण्यावर. पंपघरात म्या बसायचो. विहिरीत एक तरंगता डबा सोडलेला — पाणी खाली गेलं की भिंतीवरची घंटी वाजायची. वाजली की पंप बंद करायचा, अन् वहीत लिहायचं — किती वाजता, कशामुळं. ही जोडणी वायरमन सुधाकरनं केलेली. बौद्धवाड्यातला, आयटीआय शिकलेला, दोन लेकरांचा बाप.

लिहायचं — तिथंच अडलं. माझी शाळा दुसरीपतुर. एका ओळीला घाम फुटायचा. चेअरमन वही उघडून चारचौघांत म्हणायचे, "तात्या, हे लिहिलंय का कोंबडी नाचवलीय?" आन् त्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं, घंटी दिवसातनं वीस-वीस डाव वाजायची. वीस डाव लिहायचं? सुधाकर एकदा म्हणाला, "तात्या, तुम्ही सांगा, मी लिहितो." त्याच्याकडनं लिहून घ्यायचं — म्या? म्हणलं, "तू तुझ्या तारा बघ."

मग काय केलं म्या? — पटक्याची चिंधी फाडली अन् घंटीवर आपटणाऱ्या टोल्याला गुंडाळली. आता नुसतं धप् धप् — कान लावला तरच कळायचं. अधनंमधनं उठून विहीर बघत व्हतो. एका दुपारी न्हाय बघितली. जेवून आडवा झालो. उठलो तवा पंप कोरडा पळून मोटार जळाली व्हती. तो वास अजून नाकात हाय.

तोवर झऱ्यानं पाणी थोडं चढून घंटी थांबली व्हती; माणसं यायच्या आत चिंधी सोडून खिशात घातली. अन् म्हणलं, "घंटी वाजलीच न्हाय." सुधाकरनं सगळ्यांपुढं डबा खाली दाबून दाखवला — घंटी खणखणली.

"वाजती की, तात्या!"

"आता वाजती. तवा न्हाय वाजली."

कुणाचं खरं धरलं असंल? माझंच. चेअरमन म्हणाले, "लिहा वहीत." म्या लिहिलं — 'घंटी वाजली नाही. जोडणी कच्ची.' इतकी सरळ ओळ म्या कधी लिहिली नव्हती. त्या दिवशी कुणी हसलं न्हाय.

सुधाकरचं काम गेलं. बायकोलेकरं घेऊन तो गाव सोडून गेला — कुठं, ते म्या विचारलं न्हाय. नवी मोटार येईस्तोवर बायकांनी दोन कोसावरनं पाणी वाहिलं, त्याला शिव्या देत. म्याबी दिल्या.

जोडणी पक्की व्हती. घंटी वाजली व्हती — माझ्या चिंधीत.