उंदीर चालला, साहेब चढले

ऑफिसात काम थोडं आणि माणसं एकाच खोलीत असली की किस्से आपोआप साठतात, खिडकीत धूळ साठते तसे. आमच्या बालाघाटच्या प्रचार ऑफिसात तर फडकं मारणारंही कोणी नव्हतं. त्यामुळं आज इतक्या वर्षांनी मंडळी जमली की मला म्हणतात, वैद्य, ते उंदराचं सांग. उंदराचं सांगायचं तर साहेबांचं सांगावं लागतं, आणि साहेबांचं निघालं की भांडण होतं. भांडण एकच. तो सिनेमा चालला तो साहेबांमुळं, की साहेब असूनही?

०

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा आमच्या फायली हिंदी झाल्या आणि आम्ही मराठीच राहिलो. त्यानंतर चार-सहा वर्षांनी बोरकर साहेब आले. मूळचे सागरचे. गावोगाव जीप न्यायची, पडदा बांधायचा आणि शेतीचे, आरोग्याचे सिनेमे दाखवायचे, हे आमचं काम. माइकवर बोलायला मी, हिशेबाला बडेबाबू दुबेजी, आणि चित्रं काढायला झाडे.

साहेबांनी पहिल्या दिवशी खुर्चीवर बसायच्या आधी विचारलं, "इथून दौऱ्याला कुठं कुठं जाता येतं?"

दुबेजींनी तिरोडी, रामपायली, परसवाडा अशी नावं सांगितली. साहेबांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि दुसऱ्या दिवशी परसवाड्याला गेले. आमचं ठरलं, की हा माणूस ऑफिसात टिकत नाही.

०

झाडे आधी गावातल्या टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. त्याच्या बोर्डावरचे सगळे हीरो त्याच्या मोठ्या मेव्हण्यासारखे दिसत, कारण मेव्हणा समोर फुकट बसायचा. एकदा वरून एक कॅमेरा आला, सिनेमाचाच, पण एका खटक्याला एकच चित्र घेणारा. सोबत हुकूम, की खेड्यांसाठी इथंच एक कार्टून करून पाहा. त्यासाठी झाडेला घेतलं, पण जागा कच्ची. सिनेमे निघाले तर झाडे राहणार, नाही तर खोलीला कुलूप. इकडं टॉकीजनं दुसरा पेंटर ठेवला होता, म्हणजे परतीची वाटही बंद.

मागच्या खोलीत त्यानं टेबल मांडलं. वरती कॅमेरा उलटा टांगला. कागदाचे उंदीर कातरले, शेपट्या वेगळ्या, कान वेगळे. उंदीर केसभर सरकवायचा, खटका दाबायचा, पुन्हा सरकवायचा. दिवसभर असं केलं की उंदीर दाराशी पोचायचा.

मे महिन्यात पंखा बंद ठेवून तो बनियनवर काम करी. पंख्याच्या वाऱ्यानं शेपट्या उडत. त्यात दुबेजी तासातासाला दार उघडून बल्ब किती जळाले ते विचारत. दार उघडलं की वारा, वारा आला की उंदराचे कान जमिनीवर. एकदा दुबेजींच्या मागोमाग साहेबही डोकावले, आणि उंदरांची अख्खी वरात टेबलाखाली गेली.

झाडे वाकून शेपट्या वेचत होता. मान वर न करताच म्हणाला, "साहेब, तुमी दौऱ्यावर काहून नाही जात?"

मी मनात म्हटलं, झाडे गेला. साहेबांनी दार हळू ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरोडीला निघाले, आणि जाताना दुबेजींनाही जीपमध्ये घातलं. दुबेजींनी कंबर दुखते म्हणून सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, हवापालट होईल.

तो अख्खा उन्हाळा साहेब दौऱ्यावर होते. दुबेजींची कंबरही. चहाच्या टपरीवर आम्ही म्हणायचो, असा कामचुकार साहेब जिल्ह्यानं पाहिला नसेल. इकडं मागच्या खोलीत उंदराचं लग्न लागलं.

०

सिनेमा असा होता. शेतकऱ्याच्या धानाच्या कोठीत उंदरांचं लग्न आहे. नवरदेव बेडकावर बसून येतो, पंगत उठते, अर्धी कोठी रिकामी. मग शेतकरी पिंजरा लावतो आणि नवरदेव सापडतो. तात्पर्य, धान सांभाळा.

पहिला खेळ रामपायलीला. नवरदेव बेडकावरून आला तशी माणसं उठून उभी राहिली. पिंजऱ्याचं दार पडलं आणि सगळं गाव गप्प. पुढं बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "लगनाच्याच दिवशी धरला का जी त्याले?"

पाटलांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. फक्त पिंजऱ्याच्या आधी बंद करा म्हणाले. आम्ही केला. पुढं प्रत्येक गावात हीच मागणी आली. लोक बैलगाड्या जुंपून शेजारच्या गावांतून येऊ लागले. पिंजरे किती लागले ते कोणी विचारलं नाही, गर्दी किती झाली एवढंच भोपाळला कळलं.

तिरोडीला मँगनीजच्या खाणीवरची माणसं तर शिफ्ट सुटल्यावर तशीच काळ्या हातापायांनी आली. खेळ संपल्यावर मी माइकवरून विचारलं, की बंधूंनो, तुमच्या घरी उंदरांचा त्रास किती?

मागून एक जण म्हणाला, "आमच्या घरी कशाले येईन जी थो? खायले काय हाये?"

सगळे हसले. मी माइक बंद केला.

०

गर्दीची बातमी वर गेली आणि भोपाळहून एक मोठे अधिकारी आले. तिकडं वरची एक जागा रिकामी होती. हे यश बोरकरांच्या नेतृत्वाचं आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. असलं तर बोरकर भोपाळला.

टपरीवर बैठक बसली. झाडे तापला होता. "उंदीर म्या काढला, उनात म्या मेलो, अन् नाव त्यायचं काहून?"

मी त्याला समजावलं, की बाबा, नाव त्यांचं झालं तर ते जातील. नाव तुझं झालं तर ते इथंच राहतील. झाडेनं चहा संपवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, हौ, मग उंदराच्या मिशासुद्धा साहेबायनंच सांगतल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकेक करून आत गेलो. झाडेनं मिशांचं सांगितलं. मी म्हटलं, साहेब नसते तर हा सिनेमा झालाच नसता. दुबेजी म्हणाले, साहेबांनी आपल्याला क्षणभरही बसू दिलं नाही. हे मात्र त्यांनी मनापासून सांगितलं.

शेवटी अधिकाऱ्यांनी बोरकर साहेबांनाच विचारलं, की तुम्ही नेमकं काय केलंत? दार उघडंच होतं, आम्ही सगळे कान देऊन होतो.

"मी इथं नव्हतोच," साहेब म्हणाले.

अधिकारी बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, इतना बड़ा आदमी और इतनी विनम्रता! महिन्याभरात बोरकर साहेब भोपाळला गेले. निरोपाच्या पेढ्यांचा खर्च आम्ही हौसेनं केला.

०

मग वर्मा साहेब आले. वेळेवर यायचे, शेवटी जायचे, दौऱ्याचं नाव काढायचे नाहीत. असा कामसू साहेब जिल्ह्यानं पाहिला नसेल. दुसरा सिनेमा मलेरियाच्या मच्छरावर करायचा होता, आणि तो त्यांना स्वतःच्या देखरेखीखाली करायचा होता. त्यांनी आपली खुर्चीच मागच्या खोलीत मांडली. वर पंखा सुरू.

रोज सकाळी मीटिंग. मच्छर किती मोठा असावा यावर एक आठवडा गेला. मग त्यांच्या लक्षात आलं, की लोकांना उंदीर आवडला होता, तसा मच्छर आवडता कामा नये. झाडेनं त्याला लाल डोळे काढले. मग ठरलं, की लाल डोळ्यांना पोरं भितील. दुबेजींनाही मीटिंगला बोलवायचे, आणि इतक्या दिवसांचं बल्बांचं राहिलेलं दुबेजींनी तिथं भरून काढलं.

"झाडेजी, इसमें गति लाइए," वर्मा साहेब म्हणायचे, आणि गती दाखवायला हात हलवायचे. मच्छराचे पंख उडून कपाटाखाली जायचे.

पावसाळा सरत आला. भोपाळहून निरोप आला, की संक्रांतीच्या आत दुसरा सिनेमा निघाला नाही तर खोलीला कुलूप लावावं. झाडेला तालुक्याच्या रस्त्यांवर मैलांचे दगड रंगवायला पाठवायचं ठरलं होतं. त्या दिवसापासून तो डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. आमच्यापैकी कोणाला त्याच्याकडं बघवत नव्हतं. बोरकरांना घालवायची अक्कल आपल्यालाच सुचली होती, हे टपरीवर कोणी काढायचं नाही असं न बोलता ठरलं.

०

आणि मग इन्स्पेक्शनला आले कोण, तर बोरकर साहेब.

वर्मा साहेबांनी स्टेशनवर हार नेला. दिवसभर त्यांना मीटिंगांची पद्धत समजावून सांगितली. बोरकर साहेब सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, जरा काम बघू, आणि मागच्या खोलीशी गेले. आत गेले नाहीत. दार बोटभर उघडून तिथूनच विचारलं, "झाडे, कुठवर आलं?"

"मच्छरानं एक पाय उचलला जी," झाडे म्हणाला. "पाच राह्यले."

साहेबांनी दार हळू ओढून घेतलं.

जेवताना त्यांनी वर्मा साहेबांची भरभरून स्तुती केली. अशा नेतृत्वाची भोपाळला फार गरज आहे, म्हणाले. तिथं नव्या अधिकाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं आहे, ते तुमच्याशिवाय कोण देणार? आणि हिशेबाचं शिकवायला दुबेजींनाही घेऊन चला. दुबेजींनी कमरेचं सांगून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी जीप स्टेशनला निघाली. मागे वर्मा साहेब हार घालून, शेजारी दुबेजी उशी घेऊन. बोरकर साहेब पुढं बसता बसता थांबले आणि झाडेला जवळ बोलावलं. मी बॅग देत होतो म्हणून ऐकू आलं.

"दोन महिने पुरतील?"

झाडेनं बोटांवर मच्छराचे राहिलेले पाय मोजले. मग हळूच म्हणाला, "अडीच करा जी."

साहेब मागे वळले. "वर्माजी, गरम कपड़े भी रख लीजिए."