लोडरच्या चार पिना

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरचे म्हणतात, दुधात पाणी नसलं तरी मी दूधवाल्याकडं असा बघतो की आज आपण पाणी घालायला विसरलो की काय, असं त्यालाच वाटावं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून पंधरा वर्षं काढली. तिथं एक पाना हरवला तरी सगळ्यांचे खिसे उलटे करून बघायचे. त्या सवयीनं माझी काही चूक झाली असं मला बरीच वर्षं वाटलं नाही.

पेन्शन घेऊन गावी आलो तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि जिकडंतिकडं रस्त्यांची कामं निघाली होती. कराडहून पाटणला जाणाऱ्या रस्त्याला लागून एका मालकाचा खडीचा क्रशर होता. तिथल्या यंत्रांची देखभाल माझ्याकडं आली. यंत्रं म्हणजे क्रशर, दोन टिपर आणि एक लोडर. लोडरला पुढं दोन लोखंडी हात आणि त्या हातांना खडी भरायचं मोठं बकेट. आसपासचे लोक त्या बकेटला सुपडं म्हणायचे. हे सुपडं मनगटाएवढ्या जाड चार पिनांवर वरखाली होतं. प्रत्येक पिनीभोवती पितळी बुश, म्हणजे नळकांडं, आणि पिन आणि बुश यांच्यामध्ये ग्रीस. ग्रीस असलं तर पिन दोन-दोन वर्षं चालते, नसलं तर लोखंड पितळ खातं आणि पितळ लोखंड खातं.

लोडर चालवायला मेढ्याकडचा एक गडी होता. वय तिशीच्या आसपास, अंगानं काटक, आणि तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प. मला हवालदार म्हणायचा. क्रशरच्या कडेला पत्र्याच्या खोलीत बायको, म्हातारी आई आणि एक शेळी घेऊन राहायचा. गावी डोंगराच्या उतारावर नाचणीपुरतं रान होतं, त्यात तिघांचं पोट भरत नव्हतं. ही नोकरी गेली तर त्याला परत त्याच उतारावर जावं लागलं असतं. गप्प माणूस काहीतरी दडवतोच, हे माझं मत. त्यामुळं पहिल्या दिवसापासून माझा एक डोळा त्याच्यावर होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी लोडरच्या चारही पिना आणि बुश नवे बसवले. खंडेनवमीला मशीन धुतलं, पिवळा रंग दिला, सुपड्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. पिनीच्या डोक्यावर ग्रीस भरायचं छोटं निपल असतं. त्याच्या तोंडात ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी असते. ग्रीसगन दाबली की गोळी मागं सरते आणि ग्रीस आत जातं. गड्यानं एकही निपल विसरू नये म्हणून मी ती सगळी लाल रंगानं रंगवली. फौजेत ग्रीसच्या जागा अशाच लाल असतात. सणाचा दिवस, हातात ब्रश, रंगही उरलेला. दगडाच्या देवाला शेंदूर लावावा तसा सढळ हातानं लावला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्यामुळं रंग चांगला वाळला. मालकानं माझी पाठ थोपटली.

आणि संक्रांतीच्या आत लोडर खडखडायला लागला!

सुपडं उचललं की एक हात वर जायचा आणि दुसरा मागून गचका देत यायचा. सब्बल घालून हलवून बघितलं तर पिना बुशात बोटभर नाचत होत्या. दोन वर्षं जायच्या पिना तीन महिन्यांत संपल्या होत्या. मला पहिला प्रश्न पडला, ग्रीस गेलं कुठं? ग्रीसच्या डब्यावर मी आतून खिळ्यानं खुणा केल्या होत्या. रोज जेवढं उतरायला पाहिजे तेवढं बरोबर उतरत होतं. रोज सकाळी तो ग्रीसगन घेऊन पिनांपाशी बसलेला मी लांबून बघतही होतो. ग्रीस बाहेर आलं की पिनीचं पोट भरलं, असा आमच्यात नियम. ग्रीस बाहेर येताना दिसायचं. तरी पिना कोरड्या, म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत कुठंतरी पाणी मुरत होतं.

ते दिवस उसाच्या हंगामाचे. क्रशरसमोरच्या रस्त्यानं कारखान्याकडं बैलगाड्यांची रांग चालायची. एक दिवस एक गाडी आमच्या नळावर पाण्यासाठी थांबली आणि माझी नजर तिच्या चाकाकडं गेली. गाडीवाले आसाला जळकं तेल लावतात, काळंकुट्ट. या आसाला पिवळं ग्रीस होतं. मी बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. आमच्याच डब्यातलं.

“ह्ये वंगण कुठलं रं?” मी विचारलं.

“तुमच्याच लोडरवाल्यानं दिलं की,” गाडीवाला म्हणाला. “लय भला मानूस हाय.”

भला माणूस! मी तडक त्याच्या खोलीकडं गेलो. दारात उसाच्या शेंड्यांचा, हिरव्यागार वाढ्यांचा ढीग होता आणि शेळी निवांत चघळत होती. उसाची वाढी काही डोंगरातून चालत येत नाहीत. ग्रीसच्या बदल्यात शेळीचा चारा, असा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला. चोर सापडल्याचा आनंद काय असतो, तो संशयी माणसालाच माहीत.

मी त्याला लोडरवरून खाली बोलावलं.

“गाडीवाल्यांस्नी वंगण तू देतोस?”

“व्हय,” तो म्हणाला. लपवलं नाही, याचा मला जास्तच राग आला.

“कुणाच्या बापाचं?”

त्याचा चेहरा उतरला. “आवं हवालदार, वाया जानारं देतो. निपलाला गन लावली की कडंनं समदं भाईर येतंय. आत जाईना ते, पोट भरलं आसंल म्हनलं. खडीत सांडून माती व्हनार, त्यापरीस त्येंच्या चाकाला तरी...”

“आत जाईना?” मी ओरडलो. “पंधरा वर्षं फौजेच्या गाड्यांना ग्रीस भरलंय मी. मला शिकवतोस? चारशे रुपयांच्या पिना खाल्ल्यास तू. उचल बेलभंडार, आणि सांग देवाला की चोरी केली न्हाई.”

बेलभंडार उचलून खोटं बोलायची आमच्याकडं कुणाची छाती होत नाही. तो म्हणाला, “वंगनासाठी देवाला मधी आननार न्हाई मी. तुमास्नी काय करायचं ते करा.”

झालं. शपथ घेत नाही म्हणजे चोर, हे मी तिथंच ठरवलं. मालकाला जाऊन सांगितलं. मालक माझ्यावर विसंबून असायचा. म्हणाला, “तुम्ही म्हणता तर तसंच असणार. सोमवारी त्याला जायला सांगा. तोवर लोडर चालू करा.”

शनिवारी मी जुन्या पिना पोत्यात बांधून एसटीनं सांगलीला गेलो. तिथं एक म्हातारे चाचा लेथ चालवायचे. दसऱ्याच्या पिनाही त्यांनीच कातल्या होत्या. वाटेत मला त्यांचाही संशय यायला लागला. कदाचित पोलाद हलकं वापरलं असेल, कदाचित दोघांचंही काही साटंलोटं असेल. मेढ्याचा माणूस आणि सांगलीचे चाचा, यांची गाठ कुठं पडणार, हा विचार मला शिवलाही नाही. मी त्यांच्या लेथसमोर स्टूल ओढून बसलो, डोळ्यांत तेल घालून.

चाचांनी पिना टेबलावर ओळीनं मांडल्या. एका बाजूनं झिजून त्या चंद्रकोरीसारख्या झाल्या होत्या. चाचांनी ग्रीसच्या खाचेत सुई घातली. बाहेर आली ती नुसती कोरडी दगडाची भुकटी.

“हवालदार, हिच्या पोटात एकदाबी ग्रीस गेलेलं न्हाई,” ते म्हणाले.

“माहीत आहे. आमचा गडी गाडीवाल्यांना विकतो.”

चाचांनी पिनीच्या डोक्यातलं निपल पान्यानं खोललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि निपलाच्या तोंडावर तार दाबली. गोळी हलली नाही. अंगठ्यानं तार जोरात दाबली, तरी नाही. मग चाकूच्या टोकानं त्यांनी तोंड खरवडलं. टेबलावर लाल पापुद्रा पडला.

“गोळी रंगात चिकटून बसलीया. गन लावल्यावर ग्रीस आत जानार कुठनं? कडंनंच भाईर येनार.” त्यांनी दुसरं निपल खोललं, तिसरं खोललं. सगळी तशीच. “कुनी लावलाय ओ ह्यो रंग? कुनी अडान्यानं लावलाय का काय?”

मी तो लाल पापुद्रा बोटावर घेतला. फौजेत निपलाच्या भोवती लाल कडं काढतात, निपलावर रंग जाऊ देत नाहीत. हे मला माहीत होतं. शंभर वेळा नव्या पोरांना मीच शिकवलं होतं. सणाच्या उत्साहात हात सैल सुटला आणि तीन महिने मी दुसऱ्याच्या हाताकडं बघत राहिलो. आत जाईना, असं तो मला तोंडावर सांगत होता. कान नव्हते ते मलाच.

चाचांनी पिना कातायला घेतल्या. लेथवरनं निळसर साल वळत वळत खाली पडत होती. मी पोलादाकडं बघतच नव्हतो.

परतीच्या एसटीत मांडीवर नव्या पिनांचं पोतं होतं आणि डोक्यात वाईट विचार. चाचांनी निपलं नवी दिली होती. जुनी सांगलीतच भंगारात पडली. चाचा कधी पाटणकडं येणार नव्हते. मी तोंड मिटलं तर सोमवारी गडी जाईल, नव्या पिना नव्या निपलांनी दोन वर्षं चालतील, आणि सगळे म्हणतील, हवालदारानं चोर बरोबर ओळखला. इतका सोपा मार्ग मला आयुष्यात परत कधी दिसला नाही. कराड येईपर्यंत मी त्या मार्गानं निम्मा गेलो होतो, हे आज कबूल करायला लाज वाटते. मग ती म्हातारी आणि ते उतारावरचं रान डोळ्यांपुढं आलं आणि मला माझीच शिसारी आली.

रविवारी सकाळी मालक क्रशरवर आला. मी गड्यालाही बोलावलं आणि त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. मालक पोट धरून हसला. “हवालदार, तुम्हीच निपलांची तोंडं बंद केलीत? बरं झालं, चोर घरचाच निघाला.” नोकरी राहिली, असं त्यानं गड्याला सांगितलं आणि तो जीपमधून निघून गेला. मी गड्याकडं वळून म्हणालो, “चुकलं माझं.” एवढंच. अजून बरंच बोलायला हवं होतं, पण जमलं नाही.

“व्हय,” तो म्हणाला आणि पिनांचं पोतं उचलायला गेला.

आता पिना बसवायच्या होत्या. हे काम दोघांचं. सुपडं जमिनीवर टेकवायचं. एकानं लोडरच्या हातांखाली आडवं पडून भोकात भोक जुळतंय का ते बघायचं आणि पिन आत सरकवायची. दुसऱ्यानं इंजिन चालू ठेवून वर लिव्हर धरायचा आणि खालचा सांगेल तसा तो लोखंडी हात तसूभर वर, तसूभर खाली घ्यायचा. लिव्हर जरा जास्त सरकला तर खालच्याचा पंजा गेला. दसऱ्याला खाली मी होतो आणि वर तो. तेव्हा मनात काही आलं नव्हतं.

मी खाली शिरलो. तो वर बसला. “घे थोडा वर,” मी म्हणालो. लोखंडी हात तसूभर वर सरकला. मी पिन भोकाला लावली आणि वर बघितलं. त्याचा हात लिव्हरवर होता. मी परत भोकाकडं बघितलं आणि परत वर. ज्याच्या बापाचा उद्धार केला, ज्याला चोर ठरवून घालवायला निघालो होतो, त्याच्या हातात आता माझी बोटं होती. पिन तिरकी लागली. दुसऱ्यांदाही तिरकीच लागली.

त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

“हवालदार, तुमी वर बसा. खाली मी येतो.”

“का? मला येत न्हाई का?”

“येतंय की. पर तुमचं ध्यान भोकावर न्हाई, माज्या हातावर हाय. अशानं पिन बसायची न्हाई.”

मी बाहेर आलो आणि वर जाऊन बसलो. इंजिन चालू केलं. तो आडवा झाला, खांद्यापर्यंत हात त्या लोखंडाच्या फटीत घातला आणि म्हणाला, “सोडा हळू.” मी लिव्हर तसूभर सोडला. चार पिना बसायला दुपार झाली. तेवढ्या वेळात त्यानं एकदाही माझ्याकडं वर बघितलं नाही.